बत्ताशाची एकादशी

"गवत संपू द्यायचं नाही, काकू. रात्रीसुद्धा नाही. तो झोपेतून उठून खातो."

रेणू हे मला सांगत होती, पण बघत होती पिंजऱ्यात. नऊ वर्षांची पोर, बाहेर सामानाचा टेम्पो उभा, बाप हाका मारतोय, आणि ही जाळीत बोट घालून सशाच्या कपाळावरून फिरवतेय.

"आणि नाही खाल्लं एखादे वेळी तर?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"तो खातोच," रेणू म्हणाली, आणि उठून गेली.

तेव्हा आम्ही लातूरला राहायचो. रेणूची आई शालन माझी समोरच्या दाराची शेजारीण. अकरा वर्षं आमच्या वाट्या या घरातून त्या घरात फिरत होत्या. उदगीरच्या जत्रेतून तिनेच लेकीसाठी हा पांढरा ससा आणला होता आणि बत्तासा हे नावही तिनेच ठेवलं होतं. माघात शालन गेली. पोटाचं दुखणं होतं. महिन्याभरात दिगंबरभाऊजींनी, म्हणजे रेणूच्या वडिलांनी, लातूर सोडायचं ठरवलं. साताऱ्याला त्यांची बहीण होती, तिच्या यजमानांनी तिकडे नोकरी बघितली होती. पण बहिणीच्या सासूबाईंनी निरोप पाठवला होता की माणसांना जागा करू, सशाला नाही. म्हणून बत्तासा माझ्याकडे राहिला.

मी गवत संपू दिलं नाही. रोज पहाटे उठायचं, बाळकृष्णाची पूजा करायची, ती झाल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही, मग अकरा माळा जप, हे माझं लग्नाआधीपासूनचं. त्यात आता एक काम वाढलं, नळापलीकडच्या पडीक जागेतून गवत कापून आणायचं. आमचे हे शाळेत कारकून होते. म्हणायचे, "देवाआधी सशाचा नैवेद्य होतो हल्ली."

चैत्र लागला आणि समोरच्या दुकानात फोन आला. भाऊजींचा.

"वहिनी, पोर जेवत नाही."

"म्हणजे?"

"ती सशाशेजारी ताट घेऊन बसायची, आठवतंय ना? तो खाईल तशी खायची. शालन आजारी पडल्यापासून तीच सवय लागली. इथे दोन घास खाते आणि उठते. गाल बसलेत. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सलाइन लावू. अक्काच्या सासूबाईसुद्धा आता म्हणतायत, आणा बाबा तो ससा एकदाचा."

मी म्हणाले, आणते.

यांना परीक्षांमुळे रजा नव्हती. "शनिवारी जाऊ, मी येतो," म्हणाले.

"शनिवारपर्यंत कशाला? परवा जाते. परवा एकादशी आहे. उपासाच्या दिवशी प्रवास बरा, डब्याची कटकट नाही."

"तुझं झालं. त्याचं काय? तोही धरतो का एकादशी?"

मी हसले. हेही हसले.

त्या दिवशी साडेतीनला उठले. पूजा केली. बाळकृष्णाला पितळी डबीत मऊ कापडावर ठेवलं, कारण दुसऱ्या दिवशी परगावी पूजा चुकायला नको. डबी पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि सशाची टोपलीही मांडीवरच येणार. मग माझ्या मनात आलं की देवाच्या इतक्या जवळ याला पारोसा कसा घ्यायचा. कोमट पाण्याचे दोन तांबे घेतले आणि बत्ताशाला आंघोळ घातली.

तो ओरडला नाही. ससे ओरडत नाहीत. नुसता थरथरत होता, आणि माझ्या तळहाताखाली त्याचं काळीज असं उडत होतं की ठोके मोजता येईनात. मी पंच्याने पुसलं, चुलीजवळ धरलं.

"याला कधी आंघोळ घालतात का गं?" यांनी विचारलं.

"आज घालायची," मी म्हणाले.

सहाची सातारा गाडी मिळाली. खिडकीची जागा. टोपलीत मी आदल्या संध्याकाळी कापलेलं गवत भरलं होतं, मेथीची जुडी ठेवली होती. झाकण अर्धं उघडं ठेवलं. मुरूड गेलं, त्याने गवताला तोंड लावलं नाही. मला वाटलं, गाडी हलतेय, बुजला असेल. बार्शी आली तरी नाही. एका कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन, डोळे अर्धे मिटून बसला होता.

बार्शीला माझ्या शेजारी कस्तुराबाई येऊन बसल्या. साठीच्या, गळ्यात तुळशीची माळ, फलटणला लेकीकडे निघालेल्या. नाव-गाव विचारून झाल्यावर त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्यापुढे केला.

"मी पाण्यावर करते," मी म्हणाले.

"अगं बाई. प्रवासात? धन्य आहे." मग टोपलीत डोकावल्या. "आणि हा काय करतो? मेथी तर तशीच हाय."

"सकाळपासून काही खाल्लं नाही त्याने."

हे मी काळजीने म्हणाले होते. देवाशप्पथ काळजीनेच म्हणाले होते. पण कस्तुराबाईंनी डोळे मोठे केले, टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

"एकादशी धरलीया की त्यानं."

मी टोपलीत वाकून बघितलं.

"तुमच्या घरचं जनावर ते. तुमच्या हातचं खाल्लेलं. असं होतं, बाई. आमच्या सासरी एक गाय होती, शिवरात्रीला कडब्याला तोंड लावायची नाही." त्या मागे वळल्या. "ओ ताई, हे बघा. सशानं एकादस धरलीया."

मागच्या बाकावरची बाई उठून बघायला आली. मग तिची सून आली. तिकिटं देत कंडक्टर आला, म्हणाला, "मावशी, गाडीत जनावर चालत नाही, पण वारकऱ्याला कोण उतरवणार?" सगळे हसले. त्यानेही टोपलीला हात लावून कपाळाला लावला, अर्धा चेष्टेत, अर्धा खरा.

"आणि वास नाही, घाण नाही," कस्तुराबाई म्हणाल्या. "टोपली बघा कशी स्वच्छ. सोवळ्यात बसल्यावानी."

खरंच, टोपलीत सकाळपासून एक लेंडी नव्हती. घरी मी दिवसातून चारदा झाडायची.

"ओठ बघा ओठ. आणि ऐका."

मी कान खाली नेला. कुडुम कुडुम, बारीक, न थांबता, दातांवर दात फिरल्याचा आवाज येत होता.

"जप चाललाय," कस्तुराबाई कुजबुजल्या.

त्या वेळी मला फार बरं वाटलं, ते लपवायचं नाही म्हणून लिहिते. मी आयुष्यभर मागच्या रांगेत उभं राहून हात जोडलेली बाई. मूलबाळ नाही, कुणी चारचौघांत माझं नाव घ्यावं असं काही हातून झालं नाही. आणि त्या दिवशी अख्खी गाडी माझ्या मांडीकडे बघून हात जोडत होती. कुणीतरी तुळशीचं पान आणून त्याच्या डोक्यावर ठेवलं. कुणी गुलाबाची पाकळी टाकली. एका लेकुरवाळीने बाळाचं कपाळ टोपलीच्या काठाला टेकवलं.

"मग पुढ्यात गवत कशाला ठेवलंया?" कस्तुराबाई म्हणाल्या. "जिवाला मोह होतो. तुम्ही ठेवता का पुढ्यात ताट?"

मी टोपलीत हात घातला आणि गवत काढलं. मेथी काढली. एक काडी त्याच्या पायाखाली अडकली होती, तीही ओढून काढली. खिडकीतून टाकून दिलं सगळं.

कुर्डूवाडीच्या पुढे मागून एक म्हातारा उठून दाराकडे येताना माझ्यापाशी थांबला. खांद्यावर घोंगडी, अंगाला मेंढरांचा वास.

"मावशी, गवत का टाकलंत?"

"एकादशी आहे त्याची," माझ्याआधी कस्तुराबाईच बोलल्या.

तो वाकला. हात लावला नाही, नुसता बघत राहिला. "जनावराला कसली एकादस. पोट धरलंय त्याचं. पाठ बघा कशी काढून बसलंय. दात खातंय ते."

"नाव घेतोय तो. तुम्हा मेंढरंवाल्यांना काय कळायचं नाव घेणं?"

दोन-चार जण हसले. म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. टेंभुर्णीला उतरताना पायरीवरून वळून मला एकटीला म्हणाला, "उतरवून चालवा जरा त्याला. पोट चोळा हळू. अजून हाय येळ."

मी मान हलवली. मी कुणालाच नाही म्हणत नाही. पण मी बत्ताशाला उतरवलं नाही आणि पोट चोळलं नाही. अकलूज, नातेपुते, सगळीकडे नवी माणसं चढली आणि कस्तुराबाईंनी सगळ्यांना दर्शन घडवलं. ऊन वाढत गेलं. तो आवाज आता कान खाली न नेताही यायला लागला होता. मी माळ काढली आणि त्या आवाजाबरोबर मणी ओढायला लागले. त्याचा एक, माझा एक.

फलटणला दोन वाजले. कस्तुराबाई उतरल्या, उतरताना टोपलीला डोकं टेकवून गेल्या. गाडी वीस मिनिटं थांबणार होती. स्टँडच्या दारात फोनचं खोकं होतं, तिथे टोपली घेऊन गेले. म्हटलं, कळवावं पोरीला.

फोन रेणूनेच उचलला. बसूनच असावी शेजारी.

"काकू, कुठे आलात?"

"फलटणला. पाचपर्यंत पोचते."

"बत्तासा?"

"हा काय, माझ्याजवळ. रेणू, तुला सांगते, सगळी गाडी त्याच्या पाया पडली. आज त्याने एकादशी धरलीय. सकाळपासून तोंडात काही घेतलं नाही."

मला वाटलं तिला नवल वाटतंय, म्हणून मी आणखी सांगत गेले. "डोळे मिटून बसलाय. जप करतोय. दातांचा आवाज येतोय बघ, अगदी आपण मणी ओढतो तसा."

"मोठ्याने?"

"मला ऐकू येतो इतका."

"लेंड्या टाकल्यात का त्याने?"

"नाही गं. टोपली अगदी स्वच्छ आहे."

खोक्यातला माणूस माझ्याकडे बघत होता.

"काकू," रेणू म्हणाली. आवाज तिचाच होता, पण मोठ्या बाईसारखा सावकाश. "आई दवाखान्यात तसेच दात खायची. दुखलं की. बत्तासापण दुखलं की तसंच करतो. एकदा झालं होतं त्याला, मी पहिलीत होते तेव्हा. आईने रात्रभर पोट चोळलं होतं."

माझ्या हातातली माळ अजून तशीच होती. मी ती मुठीत घट्ट धरली.

"मी देते आत्ता गवत. इथे मिळेल."

"आता नाही खाणार तो."

"डॉक्टरकडे नेते. गुरांचा दवाखाना असेल ना इथे."

मी खोक्यातल्या माणसाला खुणेने विचारलं. तो म्हणाला, डॉक्टर लशी टोचायला खेड्यावर गेलेत, संध्याकाळी येतील. रेणूने ते ऐकलं असावं.

"काकू, तुम्ही या," ती म्हणाली. "आई गेली तेव्हा मला दोन दिवस सांगितलं नव्हतं. गावाला गेलीय म्हणाले. मी तिच्यासाठी भाकरी झाकून ठेवत होते. बत्ताशाला माझ्या हातात द्याल ना? बाबांच्या नाही. माझ्या. कसाही असला तरी."

"देईन."

"कसाही असला तरी?"

"हो गं बाळा. तुझ्याच हातात देईन."

तिने फोन ठेवला.

गाडीत परत आले. त्याच्या अंगावरची तुळस काढली, पाकळ्या काढल्या. त्याला टोपलीतून उचलून मांडीवर घेतलं, तेव्हा कळलं की पोट दगडासारखं टणक झालंय. मी चोळायला लागले. हळू, म्हातारा म्हणाला होता तसं. बोटाने पाणी ओठाला लावलं, ते बाजूने ओघळून गेलं. नवीन चढलेल्या कुणीतरी विचारलं, "ससा का हो?" मी त्याच्यावर पदर ओढला. आवाज चालूच होता. आता तो मला जपासारखा ऐकू येईना, कितीही प्रयत्न केला तरी येईना. शालनच्या खाटेशेजारी मी अकरा दिवस बसले होते. तिचेही दात वाजायचे. तिथेसुद्धा मी माळ ओढत होते, आणि मला वाटायचं की माझ्या नामाने तिला आराम पडतोय.

वाठारच्या अलीकडे आवाज थांबला. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, उतार पडला त्याला. मी चोळतच राहिले. वाठारचं स्टेशन गेल्यावर हात थांबवला.

याला आता एकतीस वर्षं झाली. एकादशी मी सोडलेली नाही, माळाही अकराच. पण पूर्वी मी नाम मनात घ्यायची, आता मोठ्याने घेते. यांनी दोनदा कारण विचारलं, मग सोडून दिलं. मनात घेऊ लागले की दोन-तीन मण्यांनंतर दुसरं कुणीतरी माझ्याबरोबर मोजायला लागतं.

साताऱ्याच्या स्टँडवर भाऊजी उभे होते. मला बघून हसत पुढे आले. बारीक झाले होते. त्यांच्या स्कूटरच्या मागे नवा पिंजरा बांधलेला, लाकडी, जाळीला हिरवा रंग दिलेला.

"या वहिनी. दमलात ना? अहो, आज पोरीने सकाळी अख्खी पोळी खाल्ली. तो येतोय म्हणून. अक्का म्हणाली, दृष्ट काढा." ते टोपलीकडे वाकले. मी टोपलीवरचा पदर काढला.

त्यांनी बोटाने त्याचा कान उचलला, तो तसाच खाली पडला. मग सरळ झाले आणि इकडेतिकडे बघितलं, कुणी बघतंय का म्हणून.

"कधी?"

"वाठारला. माझ्या हातून झालं, भाऊजी. मी त्याला आंघोळ घातली. मी गवत काढलं."

त्यांना ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. "असू दे. प्रवासात व्हायचंच. ऐका, तिला सांगू या, वाटेत उतरलात तेव्हा पळाला. उसात शिरला. मजेत असेल तिथे. आठवड्याभरात मी दुसरा आणतो, सेम असाच. टोपली द्या इकडे, मी नदीकडे जाऊन येतो. तुम्ही इथे बसा, चहा घ्या."

त्यांनी टोपलीला हात घातला. मी सोडली नाही.

"भाऊजी, शालन कुठल्या गावाला गेली होती?"

त्यांचा हात टोपलीवर तसाच राहिला. चेहऱ्यावरून काहीतरी गेलं आणि मला वाटलं ते ओरडतील. ओरडले नाहीत.

"तुम्हाला बोलायला सोपं आहे," ते हळू म्हणाले. "तुम्ही उद्याच्या गाडीने परत जाल. ताटासमोर मी बसायचं. ती मान खाली घालते आणि तोंड उघडत नाही, तेव्हा समोर मी असतो, वहिनी. आज पोळी खाल्ली तिने. अख्खी. मला ती पोळी परत नाही द्यायची."

"माहीत आहे मला."

"नाही माहीत. हे बघितल्यावर ती परत तोंड उघडेल याची खात्री आहे तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"मी फोनवर तिला सांगितलंय. तुझ्याच हातात देईन म्हणून."

"नऊ वर्षांच्या पोरीला सांगितलंय."

"तिने दोनदा विचारलं, भाऊजी."

ते मागे सरकले, स्कूटरच्या सीटला टेकले. त्या हिरव्या पिंजऱ्याच्या दाराची कडी त्यांच्या बोटात होती, ती ते वर-खाली करत राहिले. "मी नाही नेणार तुम्हाला गाडीवर," शेवटी म्हणाले. "माझ्याच्याने नाही होणार."

"नका नेऊ. तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही."

अक्काचं घर गोडोलीला होतं. स्टँडच्या बाहेर रसाच्या गाडीवाल्याला मी विचारलं, गोडोलीला कसं जायचं. त्याने चरकावरचा हात न काढता हनुवटीने रस्ता दाखवला. म्हणाला, "लांब हाय की. रिक्षा घ्या."

"चालत जाते," मी म्हणाले. पायरीवरून उतरताना ओझं एका बाजूला कललं, तसं मी टोपली दोन्ही हातांत धरली, बत्ताशाच्या डोक्याला आधार मिळेल अशी, आणि रसवाल्याने दाखवलेल्या रस्त्याला लागले.